अंबाडीची अख्खी फुलं

माझी माय बाळंतपणाला माहेरी गेली त्या दिवशी मला हिव भरलं होतं, म्हणून मी मागे राहिले. एवढंसंच कारण. मामा गाडी घेऊन आला होता, गाडीत कडबा पसरून त्यावर वाकळ घातली होती, माय जड पावलांनी चढून बसली, आणि मी पडवीत अंगावर घरातलं होतं नव्हतं ते पांघरूण घेऊन दात वाजवत पडले होते. पोरीचा ताप उतरला की आणून सोडतो, असं भाऊ मामाला म्हणाले. भाऊ म्हणजे माझे वडील. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणे, म्हणून मीही तेच म्हणे. ताप उतरला, पण तोवर पेरणीची घाई आली, मग तापीला पाणी चढलं, नाव बंद झाली आणि मला सोडायला जाणं राहून गेलं.

आमचं गाव तापीच्या अलीकडच्या काठाला, प्रकाशा या तीर्थगावाच्या समोर. वारा इकडचा असला की पलीकडच्या देवळांतल्या घंटा आमच्या ओट्यावर ऐकू येत. मायचं माहेर त्याच्याही पलीकडे, तोरणमाळच्या पायथ्याशी. गाडीनं निघालं तर दिवस मावळायच्या आत पोहोचायचं, इतकं ते लांब होतं. माय गेल्यावर घरात आम्ही तिघं उरलो: भाऊ, मी आणि फुई. फुई म्हणजे भाऊंची थोरली बहीण. तिला आमचे भाऊ अक्का म्हणत. कोवळ्या वयात तिचं कपाळ पांढरं झालं आणि ती भावाच्या घरी आली ती तिथंच राहिली. घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला असत. ती दुष्ट होती असं मी म्हणणार नाही. मला तिनं कधी उपाशी ठेवलं नाही की अंगाला हात लावला नाही. फक्त ती माझ्याशी कामापुरतं बोले. ऊठ, जेव, दार लाव, झोप. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला दिवसभरात एवढेच शब्द ऐकायला मिळाले, तर ती कोंबड्यांशी बोलायला लागते. मी लागले होते.

आषाढात निरोप आला की मायला मुलगा झाला आणि तो जगला नाही. निरोप आणणारा माणूस नदीतून भोपळ्यावर पोहत आला होता, त्यानं ओट्यावर बसून अंग पुसत पुसत सांगितलं. भाऊ उठून बैलांना वैरण टाकायला गेले, ते खूप वेळ आलेच नाहीत. फुईनं चूल विझवली. मला त्या भावाचं दुःख झालं नाही, कारण मी त्याला पाहिलंच नव्हतं. मला एवढंच कळलं की आता मायला तिथं राहायचं काही कारण उरलं नाही, आता ती येणार. मी मनातून खूष झाले, आणि इतकी वर्षं झाली तरी त्या खुषीची मला लाज वाटत नाही. पोरीला आई हवी होती, बस.

पण माय आली नाही. पाणी ओसरलं, नाव सुरू झाली, पोळा झाला, तरी नाही. त्याचं असं होतं की आमच्याकडे सून कुठूनही आपली आपण येत नाही. माहेरी जायचं तर माहेरचा माणूस न्यायला येतो, आणि परत यायचं तर कोणीतरी न्यायला किंवा सोडायला असावं लागतं. आता न्यायला जायचं की सोडायला यायचं, यावरून दोन्ही घरांनी पाय रोवले. मूल गेलं ते आपल्या घरात, तेव्हा आपल्याला बोल लागायला नको म्हणून मामाकडचे ताठले. मूल गेलं ते त्यांच्या घरात, म्हणून फुई ताठली. तिचं म्हणणं ठरलेलं होतं.

"ज्यास्नी नेयी त्यास्नी आनी सोडानी."

आणि बाजाराला आलेल्या माणसाकरवी मामाचं उत्तर आलं ते असं:

"आमनी बहीन काय वाटवर पडेल शे का? लेवाले या, मंग धाडसूत."

भाऊ मधल्या मध्ये गप्प. भाऊंचा स्वभाव भांडणाचा नव्हता, आणि खरं सांगायचं तर धीराचाही नव्हता. थोरल्या बहिणीपुढे त्यांनी जन्मात शब्द काढला नाही. ते शेतावर लवकर जात आणि दिवेलागणीला येत, जेवताना ताटाकडे बघत. मायला कोणी विचारलं का, तिला यायचंय की राहायचंय, असं मला तेव्हा सारखं वाटे. आज माझं वय झालं, सुना आल्या, नातसून आली, तरी मला त्या दोन घरांचा राग येतो. माणसं मान सांभाळत बसली आणि एक पोर घरात एकटी कोंबड्यांशी बोलत बसली.

त्या दिवसांतले आवाज माझ्या कानात आहेत. पहाटे फुईचं जातं, त्यावर ओवी नाही, नुसती घरघर. नंतर विहिरीवरच्या मोटेची कुरकुर. दुपारी घर इतकं गप्प होई की धाब्याच्या सपाट छतावरून चिमण्या चालल्या तरी कळे. संध्याकाळी नावाडी पलीकडच्या काठावरच्या लोकांना हाळी देई, तेव्हा मी धाब्यावर चढून नावेतली लुगडी बघे. मायचं लुगडं हिरवं होतं. हिरवी लुगडी पुष्कळ येत. जेवायला कळणाची भाकर, उडदाची दाळ, कांदा, कधी वांग्याचं भरीत. फुईच्या हाताला चव होती, पण तिच्या सैपाकात आंबट म्हणून नसे. आंबट खाल्लं की तिचे सांधे धरत. मायच्या हातचं सगळं आंबट. मी माझ्या मायची आठवण काढायची म्हणजे जिभेनंच काढत असे.

कारण माय आली होती तीच मुळी अंबाडी घेऊन. त्यांच्याकडे लग्नाच्या पाठवणीला मुलीच्या ओटीत घरच्या भाज्यांचं बी बांधतात. मायच्या ओटीत अंबाडीचं बी होतं, लाल अंबाडीचं. ते तिनं आमच्या घरामागच्या तुकड्यात पेरलं आणि मग दरसाल त्यातलंच बी धरून ठेवलं, राख लावून, मडक्यात, तोंडाला फडकं बांधून. फुई नाक मुरडे. अंबाडी म्हणजे बांधावर दोरासाठी लावायची वस्तू, पाटलाच्या घरात पाला शिजवायचा नसतो, असं तिचं मत. पण माय करी ते सगळं त्या एका झाडाचं असे. कोवळ्या पाल्याची भाजी, ज्वारीच्या कण्या घालून घोटलेली, वरून लसणाची फोडणी. पिवळी फुलं येऊन गेली की त्यांच्या खाली लालभडक बोंडं धरतात, त्या बोंडांनाच आम्ही फुलं म्हणत असू. त्या फुलांची मिरची-गूळ घालून चटणी. वाळवलेल्या फुलांचं लाल पाणी, ताप आला की घोट घोट प्यायचं. उरलेल्या चोथ्यानं तांब्यापितळेची भांडी अशी निघत की पाहुणे विचारत, कल्हईवाला येऊन गेला का. माझ्या बाहुलीचं लुगडंसुद्धा तिनं त्याच पाण्यात बुडवून गुलाबी केलं होतं. आणि सगळं संपल्यावर काड्या डोहात कुजवून त्यांचे दोर. हल्ली माझी नात हीच फुलं सुंदर डब्यातून आणते आणि त्याचा चहा पिते, तब्येतीला चांगला म्हणून. मी म्हटलं, बाई, हे आम्ही भांडी घासून फेकून देत होतो. ती हसली. तिला काय सांगणार.

पहिला पाऊस पडून जमीन ओली झाली तेव्हाच मी ते मडकं उघडलं होतं. माय येईपर्यंत तिची अंबाडी वर आलेली असावी, एवढंच डोक्यात. फुई बघत होती. मी माय पेरी तसं पेरलं, दोन बोटांच्या चिमटीनं, आणि वर पायानं माती ओढली. उगवलं. मी खुरपलं, पातळ केलं, पाटाचं पाणी वळवलं. उपटलेल्या रोपांचा पाला फुईपुढे नेऊन ठेवला, तर तिनं एक दिवस त्याची भाजी केली आणि स्वतः खाल्ली नाही. मी खाल्ली. ती मायसारखी झाली नव्हती, आणि मी ताटावर रडले. फुई पदरानं हात पुसत उभी राहिली. मग म्हणाली की मीठ कमी झालं असेल.

श्रावण, भादवा, दसरा गेला. झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली. सकाळी पिवळी फुलं उमलत, आत काळपट लाल डोळा, आणि दुपारी मिटून जात. दिवाळीनंतर बोंडं भरली. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सैपाकासाठी फुलं वाळवायची तर ती अख्खी वाळवत नाहीत. माय बोरूची पोकळ नळी घेऊन देठाच्या बाजूनं दाबायची, आतलं बियांचं हिरवं बोंड वरून टपकन बाहेर पडायचं, आणि हातात लाल पाकळ्यांचं वेढं राहायचं. ते वाळवायचं. अख्खं फूल झाडावर किंवा दोऱ्यात ठेवतात ते फक्त बियाण्यासाठी. मी नळी दाबून बघितली. पाकळ्या फाटल्या, बोटांना कुसं टोचली, आंबट रस जखमेत गेला. मग मी तो नाद सोडला आणि सगळी फुलं अख्खीच सुतळीत ओवली, लहान, मोठी, कच्ची, पिकली, हाताला आली ती. निसटू नये म्हणून प्रत्येकाला दोन गाठी मारल्या. धाब्यावर वाळत घातली. माय आली नाही तर तिची फुलं तिच्याकडे जाऊ देत, असं मी ठरवलं होतं. ती बघून तिला कळेल की मी वाट बघते आहे.

न्यायला माणूस मिळाला. कापूस वेचायला सातपुड्यातून बायका येत, गावाबाहेर झोपड्या करून राहत आणि काम संपलं की डोंगरात परत जात. त्यांच्यात जुमलीबाय होती, पावरा बाई, हातभर चांदीची कडी घालणारी. आमच्या शेतात ती दरसाल येई. तिला आमची बोली थोडी येई, मला तिची मुळीच नाही. ती परत निघाली तेव्हा मी तिला माळ दिली, मामाच्या गावाचं नाव सांगितलं, तिच्या वाटेवरच ते होतं. तिनं माळ नाकाला लावली, हसली, डोक्यावरच्या गाठोड्यात खोचली. तिला मी म्हणाले की मायला दे. तिला "माय" कळलं असावं, पण कोणी दिली ते सांगायचं मी विसरले की तिनं ऐकलं नाही, हे आता कोणाला ठाऊक.

पुढचं मायनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेही तुकड्या तुकड्यानं. जुमलीबाय मामाच्या अंगणात गेली. माय पाणी आणायला गेलेली. जुमलीबायनं मामाच्या हातात माळ दिली आणि नदीपारच्या पाटलाच्या घरून आली एवढं म्हणून पुढे चालू पडली. मामानं माळ उलटसुलट बघितली. सासरहून आलेली अंबाडी, आणि तीही अख्खी, बियांसकट. त्यांच्याकडे सून कायमची माहेरी बसवायची झाली, म्हणजे तिच्याबरोबर जे आलं ते परत धाडतात. भांडं, पेटी, आणि सगळ्यांत शेवटी ओटीतलं बी. बी परत आलं की बोलणं संपलं. मामाला दुसरा अर्थ सुचणं शक्यच नव्हतं. माय हंडा घेऊन आली तेव्हा घरात सगळे सुतक असल्यासारखे बसले होते. मामानं माळ तिच्या पायाशी टाकली.

"बी परत धाडं त्यास्नी. आते काय ऱ्हायनं?"

माय खाली बसली. तिनं माळ हातात घेतली. तिथं माझी आजी, मायची माय, खाटेवर होती. ती रडायला लागली होती. मायनं माळ मांडीवर उलगडली. मग तिनं कच्ची फुलं बघितली. बियाण्याला कोणी कच्चं फूल धरत नाही. मग प्रत्येक फुलाच्या दोन्ही बाजूंच्या गाठी बघितल्या. ती मामाला म्हणाली:

"हाई मोठा मानूसना हातनं नही. हाई मन्ही पोरनं काम शे."

मामा ऐकेना. पोरीच्या हातून झालं असलं तरी घरच्यांनी करवलं असणार, त्याशिवाय बी घराबाहेर पडतं का. आता तर न्यायला आले तरी धाडणार नाही, असं तो सगळ्यांदेखत बोलून बसला. म्हणजे माझ्या माळेनं उलटंच झालं. जे दार नुसतं लोटलेलं होतं त्याला कडी लागली. दोन दिवसांनी अमावास्या होती. त्या गावातल्या बायका तापीच्या आंघोळीला पायी प्रकाशाला निघाल्या. माय त्यांच्यात जाऊन उभी राहिली. मामा आडवा आला नाही, फक्त म्हणाला:

"जाशी ते परत येवानं नाव नको लेऊ."

आजीनं खाटेवरून हात केला. माय म्हणे, तिनं ये म्हणून केला की जा म्हणून, ते मला कळलं नाही.

ती आली तेव्हा मी परसात काड्या उपटत होते. समोरच्या दारातून यायची तिला हिंमत झाली नसावी, ती मागल्या बाजूनं आली. हिरवं लुगडं नव्हतंच, मळकं कसलं तरी होतं. गाल आत गेलेले. मी ओळखलं नाही. माझ्या मायला मी ओळखलं नाही. मी तिला विचारलं की कोण पाहिजे. ती खाली बसली आणि तिनं माझे हात पालथे करून माझी बोटं बघितली, कुसं टोचून काळी झालेली. मग मला समजलं.

फुई दारात येऊन उभी होती.

"कोन लयी उनं तुले?"

"कोन्ही नही. मी आपलीच उनू."

फुई दारातून हलली नाही. तिनं नको म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. सुनेनं न बोलावता, न कोणी सोडता, आपल्या पायांनी यावं, असं त्या गावात झालेलं तिला ठाऊक नव्हतं, आणि अशा वेळी काय बोलायचं असतं तेही ठाऊक नव्हतं. माय भिंतीला टेकून बसली, मी तिच्या मांडीला चिकटून. ऊन उतरलं. मला तहान लागली होती तरी मी पाण्याला उठले नाही, उठले तर ती जाईल असं वाटत होतं. आत गेली तर माझी, बाहेर राहिली तर पुन्हा मामाची वाट, आणि ती वाटही आता बंद. मला हे इतकं नीट कळत नव्हतं, पण मी तिचा पदर मुठीत धरून ठेवला होता.

भाऊ शेतातून आले. त्यांनी बैल सोडले, दावणीला बांधले, मग आम्हाला बघितलं. भाऊ काय करतील याचा मला काही भरवसा नव्हता. शेवटी ते मायशी नाही, माझ्याशीही नाही, बहिणीशी बोलले. मान खालीच होती.

"अक्का, तिले पानी तपाडी दे. पाय सुजेल शेतस तिना."

माझ्या वडलांनी आयुष्यात बहिणीच्या इच्छेविरुद्ध बोललेलं हे एकच वाक्य. फुई दारातून बाजूला झाली आणि तिनं चूल पेटवली.

माझं सुख मला मिळालं. माय त्याच वर्षी मला नळी दाबायला शिकवायला लागली, आणि घरात पुन्हा आंबट वास सुटला. पण मायचं काय झालं ते मला हळूहळू दिसत गेलं. शेजारणींत काही बोलणं निघालं की फुई सहज म्हणून जाई की आमची सून पायी उनी. दुसरं काही नाही, एवढंच. माय मान खाली घालून काम करी. दिवाळी येई, अखाजी म्हणजे अक्षय तृतीया येई, गावातल्या बाकी सुनांना न्यायला मुराळी येत, गाड्यांच्या बैलांना झुली असत, आणि आमच्या दारात कोणी येत नसे. माय त्या दिवशी घर सारवायला काढी. फुई खांबाला टेकून ते सारवणं बघे. एकदा मी फुईला विचारलं की तुला कधी सासरहून न्यायला कोणी आलं का. ती म्हणाली की पुसू नये असं पोरीनं. त्या दिवशी तिनं मला वाटीभर गूळ दिला. त्या घरात आम्ही तिघी बायका, आणि प्रत्येकीची वाट बघायची आपापली दिशा होती.

माझं लग्न पलीकडच्या काठाला झालं, शहाद्याच्या अलीकडे. लग्नात भाचीच्या मागे मामा उभा राहतो. माझ्या मागे गावातले एक म्हातारे शेजारी उभे राहिले. पहिली अखाजी आली. सासरच्या ओट्यावर मी सकाळपासून वाटेकडे डोळे लावून होते, मला सख्खा भाऊ नव्हता, तेव्हा चुलतभावांपैकी कोणी येईल असं धरलं होतं. गाडी आली. गाडीतून माय उतरली. ओट्यावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली, कारण आंडेरला, म्हणजे लेकीला, न्यायला आई येत नाही, पुरुष येतो. माझे सासरे भले माणूस, त्यांनी अदबीनं विचारलं की विहीणबाई, मुराळी कोणी नाही का. मायनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि उभ्या उभ्या सांगितलं:

"मी मन्ही आंडेरले लेवाले उनू."

कोणी हसलं असेल, कोणी कुजबुजलं असेल. मला ऐकू आलं नाही. मी गाठोडं उचलून गाडीत बसले.

वाटेत एक फाटा लागतो, तिथून मामाच्या गावची वाट डोंगराकडे जाते. गाडीवान सरळ निघाला. मला वाटलं, आता इतकी वर्षं झाली, राग निवळला असेल. मी मायला म्हणाले की जाऊन येऊ या का, आजीमायला भेटू. माय समोर बैलांच्या पाठीकडे बघत होती. ती म्हणाली:

"ती ऱ्हायनी नही आते. मरी गयी तव्हय मले कोन्ही सांगं नही, बजारमा समजनं. शेवटलोंग मन्हीच वाट देखे, म्हनतस."

केव्हा, मी विचारलं. तू लहान होतीस, ती म्हणाली, मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी. म्हणजे इतकी वर्षं ती माझ्या शेजारी बसून चटण्या वाटत होती, आणि मला हे माहीत नव्हतं. मी माझ्या मायची वाट बघत होते तशीच एक म्हातारी खाटेवरून तिच्या लेकीची वाट बघत होती. मायला एकाच घरी जाता येणार होतं, आणि ती माझ्याकडे आली होती. मी तिचा हात धरला, आणि प्रकाशाला नाव येईपर्यंत सोडला नाही.